कार्ड दाखवा, मग मत द्या : अमेरिकेतला न मिटणारा वाद

२५ मार्च २०२५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी निवडणुकांविषयी एक आदेश काढला. गंमत म्हणजे त्यात अगदी सुरुवातीलाच भारताचं नाव आहे. भारत आणि ब्राझील मतदाराची ओळख शरीराच्या खुणांच्या नोंदींशी, म्हणजे बोटांचे ठसे वगैरेंशी, जोडत आहेत आणि अमेरिका मात्र नागरिकत्वाच्या बाबतीत मतदाराच्या शब्दावरच विसंबून आहे, अशी ती तक्रार होती.

हे वाचून आपल्याकडे पुष्कळांना प्रश्न पडला : अमेरिकेत ओळखपत्र न दाखवता मत देता येतं? आणि देता येत असेल, तर ‘कार्ड आणा’ एवढं म्हटल्यावर तिथे कोर्टकचेरी कशाला होते?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘काही राज्यांत हो’ असं आहे. दुसऱ्याला जरा वेळ लागेल.

## तीन वेगळे प्रश्न, एकच गोंधळ

या वादात लोक एकमेकांशी भांडतात खरे, पण बऱ्याचदा वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. मत देण्याआधी तीन गोष्टी ठरायच्या असतात. हा माणूस मतदार व्हायला पात्र आहे का, म्हणजे नागरिक आहे का, वय पूर्ण आहे का? त्याचं नाव मतदार यादीत आहे का? आणि आत्ता टेबलासमोर जो उभा आहे तो तोच का?

परीक्षेच्या हॉल तिकिटाचं उदाहरण घ्या. पर्यवेक्षक फोटो आणि चेहरा ताडून पाहतो, कारण त्याला डमी विद्यार्थी पकडायचा असतो. पण प्रवेशाच्या वेळीच कुणी खोटी गुणपत्रिका जोडली असेल, तर हॉल तिकीट कितीही निरखून पाहिलं तरी ते कळणार नाही. ती चोरी दुसऱ्या टेबलावर झालेली असते.

मतदान केंद्रावर मागितलेलं ओळखपत्र तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतं. पहिल्या दोहोंचं देत नाही. पुढचं सगळं वाचताना एवढं लक्षात ठेवा, कारण भाषणं ठोकताना पुढारी हे तिन्ही प्रश्न एकाच पोत्यात भरतात.

## देश एक, पद्धती पन्नास

अमेरिकेत केंद्रीय निवडणूक आयोगाने देशभर निवडणूक घ्यायची, असा प्रकार नाही. राज्यघटनेने निवडणुकीची वेळ, जागा आणि पद्धत ठरवायचं काम आधी राज्यांवर सोपवलं आणि त्यात बदल करायचा अधिकार संसदेला, म्हणजे काँग्रेसला, दिला. त्यामुळे राज्य बदललं की नियम बदलतो. साधारण ३६ राज्यांत मतदान केंद्रावर काही ना काही ओळखपत्र मागितलं जातं. इंडियानासारख्या राज्यात फोटो असलेलं सरकारी कार्डच लागतं, तर काही ठिकाणी फोटो नसलेला कागदही चालतो. कार्ड नसेल तर प्रतिज्ञेवर सही करून मत देता येईल, अशीही राज्यं आहेत. उरलेल्या राज्यांत मतदार नाव-पत्ता सांगतो, सही करतो, मत देतो. कॅलिफोर्नियाने तर २०२४ मध्ये कायदाच केला, की राज्यातल्या कुठल्याही शहराने आपल्या अखत्यारीत मतदारांकडे ओळखपत्राची सक्ती करायची नाही.

आणि अमेरिकेत राष्ट्रीय ओळखपत्र नावाची वस्तूच नाही. सरकारने प्रत्येकाला क्रमांक देऊन कार्ड वाटावं, या कल्पनेला तिथे डावे आणि उजवे दोघेही बिचकतात. रोजच्या व्यवहारात ओळखपत्र म्हणून चालतं ते गाडी चालवण्याचं लायसन्स. म्हणजे ज्याला गाडी नाही, ज्याने म्हातारपणी गाडी सोडली, जो मोठ्या शहरात बसने फिरतो, त्याच्या खिशात ते असेलच असं नाही. पासपोर्ट जेमतेम निम्म्या लोकांकडे.

## कार्ड नाही, मग तपासतात काय?

तपासणी होते, पण दारात नाही, आधी. २००२ च्या एका केंद्रीय कायद्यानुसार नाव नोंदवताना लायसन्सचा क्रमांक किंवा सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे (पेन्शनसारख्या योजनांसाठी सरकार देतं त्या क्रमांकाचे) शेवटचे चार आकडे द्यावे लागतात आणि ते सरकारी नोंदींशी जुळवले जातात. टपालाने नाव नोंदवलं आणि माहिती जुळली नाही, तर पहिल्यांदा मत देताना ओळख दाखवावीच लागते. आपण नागरिक आहोत, असं अर्जावर शपथेवर लिहून द्यावं लागतं. खोटं लिहिलं तर तुरुंग, आणि परदेशी माणूस असेल तर देशाबाहेर रवानगी.

## कार्डाच्या बाजूने

कार्ड मागणाऱ्यांचं म्हणणं साधं आहे आणि ते झटकून टाकण्यासारखं नाही. यादी निर्दोष असती तर दारातल्या तपासणीची फारशी गरज पडली नसती. पण ‘प्यू’ या संस्थेने २०१२ मध्ये दाखवून दिलं, की अमेरिकेच्या मतदार याद्यांत सुमारे १८ लाख मृतांची नावं आहेत आणि २७ लाखांहून अधिक लोक एकापेक्षा जास्त राज्यांत नोंदलेले आहेत. आपल्या भाषेत, दुबार नावं. यातल्या बहुतेकांचं कारण लबाडी नसतं. माणसं घर बदलतात, मरतात आणि यादी मागे राहते. पण मेलेल्या माणसाचं नाव यादीत आहे आणि दारात कुणी चेहरा पाहत नाही, हे ऐकल्यावर कुणाच्याही मनात पाल चुकचुकणारच.

लोकमत तर सरळ त्यांच्या बाजूने आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलप या संस्थेच्या पाहणीत ८४ टक्के अमेरिकनांनी फोटो ओळखपत्राला पाठिंबा दिला. यात डेमोक्रॅट पक्षाला, म्हणजे ज्याचे नेते अशा कायद्यांना विरोध करतात त्या पक्षाला, मानणाऱ्यांपैकीही सुमारे दोन तृतीयांश होते. म्हणजे नेते जितके दुभंगलेले दिसतात तितके मतदार दुभंगलेले नाहीत.

२००५ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर (डेमोक्रॅट) आणि माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर (रिपब्लिकन) यांच्या आयोगाने तोडगाही सुचवला होता. फोटो ओळखपत्र मागा, पण ते फुकट द्या आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना शोधत सरकारने जावं. दोन अटी एकमेकींना बांधलेल्या होत्या. पुढच्या वीस वर्षांत अनेक राज्यांनी पहिली उचलली. दुसरीतलं ‘फुकट’ तेवढं कागदावर घेतलं आणि ‘शोधत जावं’ हे सोडून दिलं. माझ्या मते सगळा तंटा तिथेच जन्मला.

## तोतये किती?

दुसऱ्याच्या नावावर मत देणाऱ्याला आपण बोगस मतदार म्हणतो. मला जुना शब्द जास्त आवडतो : तोतया. पानिपतात पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने उभा राहिलेला तोतया पेशवाईला वर्षानुवर्षं डोकेदुखी ठरला होता. पण त्या तोतयाला एक मोठी वस्तू मिळवायची होती. मतदानातल्या तोतयाला काय मिळतं? एक मत. हजार मतांनी निकाल फिरवायचा, तर हजार वेळा वेगवेगळ्या केंद्रांवर जायला हवं, दर वेळी तुरुंगाचा धोका पत्करायला हवा आणि ज्याच्या नावावर मत देतोय तो आधीच येऊन गेलेला नसावा. किंवा हजार माणसं कामाला लावली, तर त्या सगळ्यांनी तोंड बंद ठेवायला हवं.

म्हणूनच पकडलेली प्रकरणं फार कमी आहेत. कायद्याचे अभ्यासक जस्टिन लेविट यांनी २००० ते २०१४ या काळातल्या १०० कोटींहून अधिक मतांचा मागोवा घेतला. दारातल्या ओळखपत्राने अडली असती अशी विश्वासार्ह प्रकरणं त्यांना ३१ सापडली. कडक नियमांच्या बाजूची हेरिटेज फाउंडेशन ही संस्था सर्व प्रकारच्या निवडणूक गैरप्रकारांची यादी ठेवते. त्यात कित्येक दशकांतली मिळून सुमारे दीड हजार सिद्ध प्रकरणं आहेत आणि तोतये हा त्यातला एक छोटा तुकडा.

‘पकडले गेले नाहीत म्हणून कमी दिसतात,’ हा आक्षेप यावर येतोच. तो पूर्ण खोडता येत नाही, कारण ओळख न तपासता तोतया सापडणार कसा? पण काही प्रमाणात तोतया उघडा पडतोच. खरा मतदार नंतर केंद्रावर येतो आणि त्याच्या नावापुढे आधीच सही असते. हे मोठ्या प्रमाणावर होत असतं तर दर निवडणुकीत बोंब उठली असती.

खरी, निकाल फिरवणारी लबाडी झाली ती वेगळ्या दारातून. २०१८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या ९व्या मतदारसंघात रिपब्लिकन उमेदवार ९०५ मतांनी पुढे होता. चौकशीत निघालं, की त्याच्या बाजूने काम करणाऱ्या एका कार्यकर्त्याची माणसं घरोघर फिरून लोकांच्या टपाली मतपत्रिका गोळा करत होती. राज्याच्या निवडणूक मंडळाने निकाल मान्य केला नाही आणि २०१९ मध्ये निवडणूक पुन्हा झाली. मतदान केंद्राच्या दारात कार्ड मागून ही चोरी पकडली गेली नसती. चोर मागच्या खिडकीने आला होता.

## ‘कार्ड काय, सगळ्यांकडेच असतं’

इंडियाना राज्याने २००५ मध्ये फोटो ओळखपत्राचा कायदा केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २८ एप्रिल २००८ रोजी ६ विरुद्ध ३ मतांनी कायदा टिकला. इंडियानाच्या इतिहासात अशी तोतयेगिरी झाल्याचा एकही पुरावा समोर आलेला नाही, असं मुख्य निकालपत्रातच म्हटलं होतं. तरीही निवडणुकीवरचा विश्वास जपण्यासाठी राज्य अशी अट घालू शकतं, असं न्यायालयाने ठरवलं.

आठ दिवसांनी, ६ मे रोजी, त्याच राज्यातल्या साउथ बेंड गावी सुमारे डझनभर वृद्ध जोगिणी मत द्यायला आल्या. ख्रिस्ती मठात राहणाऱ्या, ऐंशी-नव्वदीतल्या. गाडी चालवणं सोडून जमाना झालेला. केंद्रावर काम करणारी बाईही त्याच मठातली, या सगळ्यांना वर्षानुवर्षं ओळखणारी. पण कार्ड नव्हतं. तिने त्यांना परत पाठवलं.

तोतयेगिरी रोखायची म्हणून केलेल्या नियमाने अशा माणसांना अडवलं ज्यांच्या ओळखीबद्दल तिथे कुणालाच शंका नव्हती.

कोणतं कार्ड चालेल, याची यादीही निरागस नसते. टेक्सासच्या २०११ च्या कायद्यात पिस्तूल बाळगण्याचा परवाना चालत होता, पण सरकारी विद्यापीठाचं विद्यार्थी ओळखपत्र चालत नव्हतं. पिस्तूलवाले साधारण रिपब्लिकनांना मत देतात आणि विद्यार्थी डेमोक्रॅटांना, हे अमेरिकेत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या राज्यात सुमारे ६ लाख ८ हजार नोंदणीकृत मतदारांकडे कायद्याला चालणारं ओळखपत्र नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने २०१४ मध्ये काढला होता.

‘मग काढून घ्या ना! राज्य फुकट देतं.’ कार्ड फुकट असतं, पण त्यासाठी लागणारा जन्मदाखला बऱ्याचदा पैसे देऊन मिळतो. जन्म दुसऱ्या राज्यातला असेल तर तिकडे पत्रव्यवहार. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईला जन्मदाखला आणि सध्याचं नाव जोडणारा विवाह दाखलाही हवा. कार्यालय दूरच्या गावात, त्यातही आठवड्यातले थोडेच दिवस उघडं. ज्याने कधी ना कधी एका दाखल्यासाठी दुसरा आणि दुसऱ्यासाठी तिसरा दाखला गोळा केला आहे, त्याला हे जास्त समजावून सांगायला नको.

कृष्णवर्णीय अमेरिकनांना यात जुना इतिहास दिसतो. दक्षिणेतल्या राज्यांत कित्येक दशकं मत देण्यासाठी कर भरावा लागे, साक्षरतेची परीक्षा द्यावी लागे. नियम कागदावर सगळ्यांना सारखा असे आणि प्रत्यक्षात वगळले जात ते काळे आणि गरीब. राष्ट्रीय निवडणुकांतला मतदान कर १९६४ च्या घटनादुरुस्तीने गेला, राज्यांतला १९६६ मध्ये न्यायालयाने काढला. व्हर्जिनियाचा तो कर होता दीड डॉलर. आणि हा फक्त इतिहासही नाही : नॉर्थ कॅरोलायनाचा २०१३ चा कायदा, ज्यात ओळखपत्राची अटही होती, २०१६ मध्ये अपील न्यायालयाने रद्द केला. शस्त्रक्रियेच्या अचूकतेने कृष्णवर्णीयांना वेचून लक्ष्य केलं आहे, असा शेरा मारून.

## मग मतदान घटलं का?

इथे विरोधकांनाही एक कडू घोट गिळावा लागतो. एन्रिको कॅन्टोनी आणि विन्सेंट पॉन्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ ते २०१८ या दहा वर्षांतली देशभरची आकडेवारी तपासली. कडक ओळखपत्र कायद्यांमुळे एकूण मतदान किंवा नोंदणी घटल्याचं त्यांना दिसलं नाही. कुठल्या वंशाच्या गटातही नाही. पण गैरप्रकार कमी झाल्याचंही दिसलं नाही, आणि निवडणुकीवरचा लोकांचा विश्वास वाढल्याचंही नाही.

म्हणजे एक बाजू ‘लोकशाही वाचली’ म्हणते, दुसरी ‘लोकशाही मेली’ म्हणते आणि आकडे दोघांनाही साथ देत नाहीत. मतदान का घटलं नाही, याचं एक संभाव्य कारण असं, की कायदा झाला की विरोधी पक्ष आणि संघटना चवताळून घराघरात जातात, लोकांना कार्डं काढून देतात, केंद्रावर नेतात. सरासरीत भोक बुजतं. पण सरासरी बुजली म्हणून साउथ बेंडच्या जोगिणींना त्या दिवशी मत देता आलं, असं होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

## ब्रिटनचा प्रयोग

उत्तर आयर्लंडमध्ये फोटो ओळखपत्र २००३ पासून आहे आणि सोबत मोफत निवडणूक कार्डही. तिथे बोगस मतदानाची जुनी तक्रार होती. आता त्यावर फारसं कुणी भांडत नाही. उरलेल्या ब्रिटनमध्ये २०२२ च्या कायद्याने सक्ती आली. मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकांत इंग्लंडमध्ये सुमारे १४ हजार लोक कार्डाअभावी मत न देताच परतले, केंद्रावर आलेल्यांपैकी ०.२५ टक्के. इथेही चालणाऱ्या कार्डांची यादी टीकेचा विषय झाली, कारण ज्येष्ठांचा बस पास चालत होता, तरुणांचा प्रवास पास नाही. पुढच्या वर्षी २ मे रोजी हा कायदा आणणारे माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन स्वतःच कार्ड विसरून केंद्रावर पोहोचले आणि त्यांना माघारी पाठवण्यात आलं. नंतर कार्ड आणून त्यांनी मत दिलं. जुलै २०२५ मध्ये नव्या सरकारने बँकेचं कार्डही चालेल, असं करण्याचा इरादा जाहीर केला.

## ‘आपल्याकडे चालतं, तिथे का नाही?’

भारतात टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना, १९९३ मध्ये मतदार ओळखपत्र सुरू झालं. पण ते आयोगाने स्वतः फोटो काढून, यादीच्या आधारे, लोकांना दिलं. मतदाराने आपलं आपण कुठून तरी मिळवून आणावं, अशी ती अट नव्हती. आजही ते कार्ड हरवलं असेल तर आयोग पासपोर्ट, लायसन्स, फोटोचं बँक पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड अशी डझनभर कागदपत्रं मान्य करतो. यादीत नाव नसेल, तर मात्र कार्ड कितीही चकचकीत असलं तरी उपयोग नाही.

शिवाय कार्ड एकटं काम करत नाही. त्याच माणसाने दुसऱ्यांदा येऊ नये म्हणून बोटाला शाई. समोर पक्षांचे पोलिंग एजंट बसलेले, त्यांना संशय आला तर दोन रुपये भरून मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घेता येतो. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर तुम्हाला ‘प्रदत्त मत’ म्हणून वेगळी मतपत्रिका मिळते.

त्यामुळे कार्डावरून आपल्याकडे भांडण होत नाही. यादीवरून होतं. बिहारमध्ये २०२५ साली झालेल्या विशेष फेरतपासणीत मसुदा यादीतून सुमारे ६५ लाख नावं वगळली गेली. पुरावा म्हणून आयोगाने मान्य केलेल्या ११ कागदपत्रांत आधार नव्हतं. ८ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ते बारावं कागदपत्र म्हणून घ्यायला सांगितलं, अर्थात ओळखीपुरतं, नागरिकत्वाचा पुरावा म्हणून नाही. तेच तीन प्रश्न, तोच गोंधळ.

## आता वाद नागरिकत्वाकडे

अमेरिकेतही सध्याची लढाई पहिल्या प्रश्नाकडे सरकली आहे. नाव नोंदवतानाच पासपोर्ट किंवा जन्मदाखला दाखवून नागरिकत्व सिद्ध करा, अशी मागणी करणारं विधेयक १० एप्रिल २०२५ रोजी प्रतिनिधीगृहात २२० विरुद्ध २०८ मतांनी मंजूर झालं. सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, अशा विधेयकावरची चर्चा संपवायलाच ६० मतं लागतात. एका पाहणीनुसार २ कोटींहून अधिक पात्र नागरिकांच्या हाताशी असा कागद नसतो. बहुतेक राज्यांत लायसन्सवर नागरिकत्व लिहिलेलं नसतं, तेव्हा तेही पुरत नाही.

हा प्रयोग एका राज्यात करून झाला आहे. कॅन्ससमध्ये २०१३ पासून तीन वर्षं ही अट होती. सुमारे ३१ हजार लोकांची नोंदणी अडली, अर्ज करणाऱ्यांपैकी साधारण १२ टक्के. त्यातले जवळजवळ सगळे नागरिकच होते. खटल्यात राज्याला १९९९ पासून यादीत शिरलेले फार तर ३९ परदेशी दाखवता आले. २०१८ मध्ये न्यायालयाने अट रद्द केली.

## नॉर्थ डकोटातला नकाशा

नॉर्थ डकोटा हे अमेरिकेतलं एकमेव राज्य जिथे मतदार नोंदणीच नाही. यादीत आधी नाव घालावं लागत नाही, सरळ जाऊन मत द्यायचं. अशा ठिकाणी ओळखपत्र मागणं मला तरी समजण्यासारखं वाटतं, कारण दारातली तपासणी हीच तिथली मुख्य तपासणी. राज्याने अट घातली, की कार्डावर राहत्या घराचा रस्त्यासकट पत्ता हवा. आदिवासी वस्त्यांवर, म्हणजे मूळ अमेरिकन लोकांच्या राखीव भूमीवर, बऱ्याच घरांना तसा पत्ताच नाही. लोक टपाल पेटीच्या क्रमांकावर पत्रं घेतात आणि त्यांच्या कार्डावरही तोच क्रमांक. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट थांबवायला नकार दिला. निवडणूक महिनाभरावर.

मग जमातींच्या कचेऱ्यांनीच पत्ते ठरवून दिले आणि नवी कार्डं फुकट छापायला सुरुवात केली. टर्टल माउंटन इथे तर छपाईयंत्र इतकं तापलं, की कार्डं वितळायला लागली. २०२० मध्ये राज्याने जमातींशी तडजोड केली. ज्याला घरक्रमांक नाही त्याने मतदान केंद्रावर नकाशा घ्यायचा, आपलं घर कुठे आहे तिथे खूण करायची आणि मत द्यायचं. त्या खुणेवरून पत्ता शोधून काढायचं काम राज्याचं.